चालकांचे प्रश्न : कांद्याची गाडी सोडून टँकरवर जावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची असल्याने ती एकत्र घेतली आहेत. एका प्रकारच्या गाडीवरून दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर जावे का, आणि जायचे ठरवले तर कसे, असे तिघांचेही विचारणे आहे. मी स्वतः बावीस वर्षे स्टेअरिंगवर होतो, त्यांतली चार वर्षे दुधाच्या टँकरवर आणि शेवटची सहा वर्षे ट्रेलरवर गेली. आता नव्या चालकांना शिकवतो. त्यामुळे खाली जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे मी आधी चुकून मगच शिकलेलो आहे.

प्रश्न : माझे वय ३४ असून नऊ वर्षांपासून मी दहा चाकी ट्रक चालवतो. लासलगाव आणि पिंपळगावहून कांदा भरून पाटणा, कोलकाता, कधी दिल्ली अशा फेऱ्या असतात. एकदा गाडी निघाली की बारा-पंधरा दिवस घर दिसत नाही. मुलगी चौथीत आहे. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरणाऱ्या टँकरवर जागा असल्याचे ओळखीच्या एका मालकांनी सांगितले. भत्ता धरूनही पैसे कमी मिळतील, पण बहुतेक रात्री घरी येता येईल. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून लायसन्स हेवीचे आहे. मी जावे का? – एक वाचक, तालुका निफाड

उत्तर : जावे, असेच मी सांगेन. मात्र सध्याच्या मालकांना नोकरी सोडत असल्याचे कळवण्यापूर्वी कागदपत्रे पुरी करून घ्यावीत, कारण तुमच्या आजच्या हेवी लायसन्सवर इंधनाचा टँकर चालवता येत नाही. ज्वलनशील किंवा अन्य धोकादायक माल नेणाऱ्या चालकासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नववा नियम लागू होतो. त्यानुसार तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन त्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि त्याची नोंद आरटीओकडून लायसन्सवर करून घ्यावी लागते. साध्या मालवाहतुकीचे लायसन्स पाच वर्षे चालते, तर धोकादायक मालाची परवानगी तीन वर्षांनी संपते आणि नूतनीकरणासाठी उजळणीचा एक दिवसाचा वर्ग करावा लागतो. ही तारीख मालक लक्षात ठेवतील, या भरवशावर राहू नये. मुदत संपलेल्या परवानगीवर गाडी चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याच तारखेबद्दल विचारते.

सातवीची चिंता तुम्ही करू नये, असे मला वाटते. मालवाहू वाहनाच्या लायसन्ससाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट २०१९ मध्येच काढून टाकण्यात आली. परंतु नवव्या नियमात शाळेच्या दाखल्याऐवजी दुसरी एक अट आहे, ती अशी की चालकाला एक भारतीय भाषा आणि त्याबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. ही अट अनेकांना जाचक वाटते, पण तिच्यामागे चांगले कारण आहे. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जो आपत्कालीन माहितीचा फलक असतो, त्यावर मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहिलेला असतो. पेट्रोलसाठी तो १२०३, डिझेलसाठी १२०२ आणि एलपीजीसाठी १०७५ असा आहे. केबिनमध्ये ट्रेम कार्ड नावाचा एक कागद ठेवावा लागतो. गळती झाली तर काय करावे, आग लागली तर कशाने विझवावी, डोळ्यांत गेले तर काय करावे, हे त्यावर लिहिलेले असते. रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला टँकर कलंडलेला असताना हा कागद वाचून दाखवायला शेजारी कोणी मिळत नाही. आतापासून रोज अर्धा तास मुलीची इंग्रजीची पुस्तके तिच्याबरोबर वाचत बसलात, तर दोन-तीन महिन्यांत एवढे वाचन तुम्हाला सहज जमेल आणि घरी परत येण्याची तीच चांगली सुरुवात होईल.

आता गाडीबद्दल. दहा चाकी चालवलेल्या हाताला टँकरचे स्टेअरिंग, गियर आणि एअर ब्रेक यांत नवे काहीच नसते. नवे असते ते मागच्या मालाचे वागणे. कांद्याची गोणी एकदा हौद्यात रचून, वर ताडपत्री ओढून दोर आवळला आणि फाळका बंद केला की ती सहसा जागची हलत नाही. द्रव पदार्थ सतत हलत असतो. तुम्ही ब्रेक दाबता, गाडी थांबते, आणि त्यानंतर क्षणभराने मागचा माल पुढे येऊन टाकीच्या भिंतीवर आदळतो आणि थांबलेली गाडी पुन्हा ढकलतो. दुधाच्या टँकरवर पहिल्या महिन्यात मला हा धक्का चौकात सिग्नलला बसला. मी ब्रेक पूर्ण दाबून पाय थोडा सैल केला होता, तेवढ्यात गाडी हातभर सरकली आणि समोरच्या रिक्षाचा मागचा बंपर वाकला. कोणाला लागले नाही, पण तेव्हापासून थांबल्यावर तीन मोजेपर्यंत पाय ब्रेकवरून उचलायचा नाही, अशी सवय मी लावून घेतली. इंधनाच्या टँकरला आतून वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे पूर्ण भरलेल्या कप्प्यातला माल फारसा हलत नाही. खरी काळजी अर्धवट भरलेल्या कप्प्याची घ्यावी लागते. वळणावर तोच माल आडवा पळतो आणि गाडीचा तोल बाहेरच्या बाजूला नेतो. म्हणून टँकरवर वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा असतो. वळणात शिरल्यावर ब्रेक मारणे कांद्याच्या गाडीला पुष्कळदा चालून जाते, टँकरला ते चालत नाही.

दुसरी गोष्ट मी माझ्या प्रत्येक वर्गात दोनदा सांगतो. रिकामा झालेला पेट्रोलचा टँकर भरलेल्या टँकरइतकाच, किंबहुना त्याहून अधिक धोकादायक असतो, कारण पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते आणि रिकाम्या टाकीत हवा आणि वाफच भरलेली असते. माल उतरवून परत निघालेला चालक मात्र सुटकेचा श्वास टाकतो, टपरीवर थांबतो आणि विडी पेटवतो. वेल्डिंगचे छोटेसे काम करून घेण्यासाठी असाच रिकामा टँकर गॅरेजात नेल्यामुळे माणसे दगावली आहेत.

पंपावर माल उतरवताना पाइप जोडण्यापूर्वी अर्थिंगची तार जोडायची, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण तार जोडणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले पाहिजे. पितळी चिमटा टँकरच्या ज्या खुंटीला लावायचा असतो, तिच्यावर बरेचदा रंगाचा थर किंवा गंज बसलेला असतो. चिमटा त्यावर घट्ट बसतो, दिसायला सगळे ठीक असते, परंतु रंगातून वीज जात नाही आणि पेट्रोल पाइपातून वाहताना तयार झालेली स्थिर वीज जमिनीत उतरण्याऐवजी टाकीवरच साठते. पंपाचा माणूस घाई करत असला, मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असली, तरी चिमट्याचे दात उघड्या धातूला टेकले आहेत का हे वाकून पाहावे. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा खिशात सँडपेपरचा तुकडा ठेवतो आणि दर वेळी खुंटी घासूनच चिमटा लावतो.

गळती झालीच, तर आधी इंजिन बंद करावे, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊन लोकांना दूर हटवावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. फोनही टँकरपासून लांब गेल्यावरच लावावा. २० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोटा येथे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली. आधी गॅस पसरला आणि त्यानंतर भडका उडून आसपासची कितीतरी वाहने त्यात सापडली. ज्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता, अशी माणसेही त्यात गेली. आपण अशा मालाची जबाबदारी घेतो आहोत, याचे भान टँकरवर बसणाऱ्याला रोज असायला हवे. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. नऊ वर्षे पाटण्यापर्यंत कांदा नीट पोहोचवणाऱ्या माणसाला ही शिस्त जड जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

पैशांचा हिशेब करताना महिन्याची रक्कम महिन्याच्या रकमेशी जुळवून पाहू नये. लांबच्या फेरीचा भत्ता मोठा दिसतो, पण त्यातून पंधरा दिवसांचे ढाब्यावरचे जेवण, चहा, आंघोळ, फोन आणि परतीच्या भाड्याची वाट पाहत हुंडेकऱ्याच्या, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या दलालाच्या, दारात काढलेले दोन-तीन दिवस वजा करावे लागतात. मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष घरी किती पैसे पोहोचले, ते वहीत मांडा आणि त्या रकमेला घराबाहेर काढलेल्या दिवसांनी भागा. टँकरचाही असाच हिशेब मांडा, म्हणजे फरक पहिल्यांदा वाटला होता तेवढा मोठा राहत नाही, असे तुमच्या लक्षात येईल.

मात्र टँकरच्या मालकांशी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पहिली, डेपोत ज्या दिवशी गाडीचा नंबर लागत नाही किंवा पंपांची मागणी नसते, त्या दिवसाचा पगार मिळतो की नाही. पानेवाडीसारख्या ठिकाणी पहाटेपासून रांगेत थांबूनही गाडी न भरण्याचे दिवस येतात, आणि पगार फेरीवर असेल तर तो दिवस वाया जातो. दुसरी, पंपावर डिप रॉड, म्हणजे टाकीतला माल मोजायची पट्टी, टाकल्यावर माल कमी भरला तर ती तूट कोणाच्या पगारातून कापली जाते. उन्हाने पेट्रोल फुगते आणि गारव्याने आकसते, गाडी उतारावर उभी असली तर रॉडवरचा आकडा चुकतो, आणि थांबल्यावर माल स्थिर होण्याआधी रॉड टाकला तरीही चुकतो. सील शाबूत असताना दिसणारी अशी तूट चालकाच्या माथी मारली जाऊ नये, हे कामावर रुजू होण्यापूर्वी ठरवून घ्या, शक्य असल्यास लेखी. त्याआधी पाच-सहा फेऱ्या दुसरा माणूस म्हणून टँकरवर बसून पाहा. कांद्याची आवक मंदावलेली असते, तेव्हा तुमचे सध्याचे मालक एवढी सुटी बहुधा देतील.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून तीन वर्षे पिकअप चालवतो. कराडहून वाशीच्या बाजारात भाजी नेतो. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारे माझे दोन मित्र चांगले कमावतात. माझ्याकडे लाइट लायसन्स आहे. न्यायालयाने लाइट लायसन्सवरही मालवाहू गाडी चालवायला परवानगी दिली आहे, असे ऐकले. मग मला ट्रेलर चालवता येईल का? – एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निर्णय ज्या गाड्यांचे मालासकट एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत आहे, त्यांच्यापुरता आहे. तुमची पिकअप त्यात बसते, त्यामुळे आजचे तुमचे काम कायदेशीर आहे. कंटेनरसह ट्रेलरचे वजन ४० टनांच्या पुढे जाते, आणि त्यासाठी परिवहन वाहनाचे, म्हणजे आपण ज्याला हेवी म्हणतो ते लायसन्सच हवे. वयाची वीस वर्षे पूर्ण आणि लाइट लायसन्सला एक वर्ष पूर्ण, या दोन्ही अटी तुम्ही ओलांडलेल्या आहेत. आता मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करता येईल.

लायसन्स हातात आल्यावर थेट ट्रेलरवर बसण्याची घाई मात्र करू नये, असा माझा आग्रह आहे. किमान एक वर्ष सहा चाकी किंवा दहा चाकी चालवावी. कारण समजावे म्हणून तुमच्याच रस्त्यावरचे उदाहरण देतो. कराडहून पुण्याकडे येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. पिकअप त्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली, तर ते चूकच असते, पण ब्रेक दाबल्यावर गाडी बहुधा थांबते. चाळीस टनांची गाडी डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडली, की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून ब्रेक पकड सोडतात आणि मग पुलावर उभ्या असलेल्या गाड्यांशिवाय तिला अडवणारे काही उरत नाही. त्या ठिकाणी आजवर झालेल्या अनेक भीषण अपघातांमागे हेच कारण निघाले आहे. ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये तो उतरायचा, हे उस्तादांचे सांगणे आधी हलक्या गाडीवर अंगात भिनले पाहिजे.

ट्रेलरची दुसरी परीक्षा रिव्हर्सची असते. एकसंध ट्रक मागे घेताना ज्या बाजूला शेपूट न्यायचे असते, त्या बाजूला स्टेअरिंग वळवतात. ट्रेलरमध्ये हे उलटे होते. ट्रेलरची मागची बाजू डावीकडे न्यायची, तर स्टेअरिंग आधी उजवीकडे द्यावे लागते, आणि कोन तयार होऊ लागताच लगेच परत आणून घोड्याला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, ट्रेलरच्या मागे घ्यावे लागते. नवा चालक नेमका इथे चुकतो. ट्रेलर वळू लागला या आनंदात तो स्टेअरिंग तसेच धरून ठेवतो आणि चार सेकंदांत घोडा आणि ट्रेलर यांची कात्री होते. उपाय एकच, कोन वाढतो आहे असे वाटताच थांबावे, पुढे घेऊन गाडी सरळ करावी आणि पुन्हा सुरुवात करावी. मला रिकाम्या मैदानात दोन विटा ठेवून हे शिकायला तीन आठवडे लागले. रात्री गोदामाच्या अरुंद दारात, खाली उतरून मागे पाहणारा क्लीनर नसताना, ते शिकता येत नाही. पुढे जातानाही चौकात ट्रेलरची मागची चाके आतून कापत जातात, त्यामुळे डावीकडे वळताना आतल्या बाजूच्या दुचाकीस्वाराला जीव गमवावा लागू शकतो. आरशात तो दिसत नसेल, तर वळण पूर्ण करू नये.

बंदराच्या कामात गाडी चालवण्याइतकाच वेळ थांबण्यात जातो, हे तुमच्या मित्रांनी कदाचित सांगितले नसेल. निर्यातीचा कंटेनर बंदरात नेण्यासाठी लागणारा फॉर्म १३, गेटपाशी कंटेनरची आणि सीलच्या क्रमांकाची पडताळणी, पार्किंग प्लाझातली रांग, रिकामा कंटेनर यार्डात सोडल्यावर मिळणारी पावती, या प्रत्येक टप्प्यावर तासन्‌तास जातात. पगार फेरीवर असल्याने थांबलेला वेळ भरून काढण्यासाठी चालक झोप कापतात, आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान डोळा लागतो. भाजीच्या गाडीवर रात्री जागण्याची सवय तुम्हाला आहे, म्हणूनच हे आवर्जून लिहिले. तुम्ही ज्या मालकाकडे जाल, त्याच्याकडे थांबलेल्या तासांचे पैसे मिळतात का, हे मित्रांना विचारून घ्या. मिळत नसतील, तर मित्रांची कमाई किती तासांची आहे, हेही विचारा.

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे असून चेन्नई लाइनवर कंटेनर चालवतात. त्यांना मधुमेह आहे, आणि आता गावातल्या शाळेच्या बसवर यावे, अशी आमची इच्छा आहे. पण पूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत सोडणार नाही, असे म्हणून मालकांनी त्यांचे मूळ लायसन्स ठेवून घेतले आहे. काय करावे? – एक वाचक, जिल्हा सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा विचार योग्य आहे. उचल हे देणे आहे आणि ते फेडले पाहिजे, पण लायसन्स हे गहाण ठेवण्याचे दागिने नव्हेत. तो तुमच्या पतींच्या नावाचा सरकारी कागद आहे. आधी मालकांकडे दोन जाणत्या माणसांना घेऊन जा आणि हिशेब कागदावर मांडायला सांगा : उचल किती, त्यातली कापून झालेली किती, न दिलेला पगार आणि भत्ता किती. बरेचदा हा हिशेब मांडल्यावर उचलीची बाकी तोंडी सांगितली जाते तेवढी निघत नाही. बाकी राहिलेल्या रकमेचे हप्ते ठरवून दोघांच्या सह्या घ्या आणि लायसन्स मागा. तरीही ते दिले नाही, तर पोलीस ठाण्यात आणि आरटीओत लेखी तक्रार करा, पगार थकवला असेल तर सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जा. लायसन्स हरवले, अशी खोटी तक्रार देऊन दुसरी प्रत काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढे तेच अंगाशी येते. दरम्यान डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये लायसन्स उतरवून ठेवा. २०१८ पासून ती प्रत रस्त्यावर मूळ कागदाप्रमाणेच ग्राह्य धरली जाते.

बससाठी प्रवासी वाहतुकीचा बॅज लागेल, त्याचा अर्ज आताच करावा. मधुमेहाबद्दल शाळेपासून काही लपवू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल, तर सकाळची फेरी उपाशीपोटी करायची नाही, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे, कारण साखर उतरली की आधी घाम आणि थरथर होते आणि मग समोरचे धूसर दिसते. मागे चाळीस मुले बसलेली असताना हे घडता कामा नये. खिशात साखरेची पुडी आणि बिस्किटे कायम असावीत.

आणखी एक विचारून घ्या. आजवरच्या मालकांपैकी कोणी भविष्यनिर्वाह निधी कापत असेल, तर पतींचा यूएएन, म्हणजे त्या निधीच्या खात्याचा कायमचा क्रमांक, शोधून तोच नव्या ठिकाणी द्यावा आणि नोकरी सुटली म्हणून पैसे काढून घेऊ नयेत. अंशदानाची एकूण दहा वर्षे भरली, तर ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन सुरू होते, आणि तुमच्या पतींच्या हातात त्याला अजून सहा वर्षे आहेत. जुन्या पगाराच्या पावत्या घरात कुठे असतील, तर त्या आजच एका पिशवीत काढून ठेवा.